मॅरिटल आर्ट्स, फक्त बायकांसाठी

३ फेब्रुवारी

पाटी लागली. आणि चुकली!

इंग्रजीत मार्शल आर्ट्स लिहून दिलं होतं, म्हणजे युद्धकला. रंगाऱ्यानं टी आणि आय यांची अदलाबदल केली. झालं मॅरिटल आर्ट्स — लग्नकला! वर मलाच म्हणतो, "सगळी अक्षरं आहेत ना, बाई? मग?"

अख्ख्या इर्बिद शहरात हसं होणार. गुडघा गेला, राष्ट्रीय संघ गेला, आता हे तळघर तेवढं उरलंय. घरमालक डोकावून गेला. "उन्हाळ्यापर्यंत बायका आल्या नाहीत, तर मी इथे बिलियर्ड्सची टेबलं टाकणार हं, अरीज."

६ फेब्रुवारी

कुणी नाही. हवेला लाथा मारतेय.

९ फेब्रुवारी

आली! पहिली आली! उम्म कुतैबा. पन्नाशी उलटलेली, ऐसपैस बाई. बाकावर बसली, पर्स मांडीवर. "हं, कर सुरू पोरी. तीस वर्षं झाली लग्नाला, तो माणूस धड दोन वाक्यं बोलत नाही माझ्याशी. तुझ्याकडे काही युक्ती असेल तर सांग."

मी पाटीची चूक समजावली. रडू येत होतं खरं तर.

"म्हणजे इथे मारामारी शिकवतात?"

"कराटे, खाला."

तिनं पर्स उचलली, पुन्हा मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "नवरा फौजेत होता, इंग्रजी वाचतो. पाटी वाचूनच 'जा' म्हणाला. आता लगेच घरी गेले तर म्हणेल, एवढ्यात शहाणी झालीस?" बसून राहिली. मी सराव करत होते. जाता जाता म्हणाली, "ती लाथ पुन्हा दाखव बरं."

२० फेब्रुवारी

आणखी दोघी. दोघीही पाटी बघूनच! दीमाचं औषधांचं दुकान आहे. तिचा नवरा कशावरूनही भांडतो म्हणे. हनीन विद्यापीठात इंग्रजी शिकते, उन्हाळ्यात लग्न आहे. तिच्या होणाऱ्या सासूनंच धाडलंय — काहीतरी शिकून ये म्हणून! चूक सांगितल्यावर तिघी इतक्या हसल्या की वरून घरमालकानं जमिनीवर काठी आपटली.

कुणीही गेलं नाही.

४ मार्च

रंगारी शिडी घेऊन आला, पाटी दुरुस्त करायला. उम्म कुतैबा अनवाणीच पायऱ्या चढून वर धावली. "खाली उतर! हात लावायचा नाही!"

मला म्हणाली, "युद्ध लिहिलंस तर उद्यापासून आम्ही घरी. लग्न लिहिलंय तोवर येऊ." दीमानं मान डोलावली.

हनीन म्हणते, अशी आणखी एक जोडी आहे. युनायटेड म्हणजे एकत्र बांधलेले, अनटाइड म्हणजे सोडलेले. तिथेही टी आणि आयच जागा बदलतात! "त्या दोन अक्षरांचं आपसात काहीतरी भांडण आहे बाई," दीमा म्हणाली.

पाटी राहिली.

१७ मार्च

उम्म कुतैबा काय गर्रकन वळते! मी इतक्या वर्षांत अशी कंबर पाहिली नाही. म्हणे, कणीक मळून मळून झालीय.

२ मे

नाव दिलं! झरकाला क्लबांच्या स्पर्धा आहेत. नवशिक्यांचा गट, तिघींनी मिळून एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करायची. एकाच वेळी वळायचं, एकाच वेळी पाय टाकायचा. तिघींनी घरी काय सांगितलं? "लग्नकलेचं शिबिर आहे!"

१९ मे

पहिल्या!!! पहिल्या आलो!

समोर सगळ्या कोवळ्या पोरी. आमच्या तिघी पुढे आल्या तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आज्जी, सांभाळून!" उम्म कुतैबानं वळून त्याच्याकडे फक्त पाहिलं. आणि मग अशी गर्जना केली की छतावरची कबुतरं उडाली. पंच आपसात बोलत राहिले. मग आमचं नाव!

बसमध्ये टाळ्या, गाणी, तोंडात गोड कुनाफा, सगळं एकदमच. इर्बिद जवळ आलं तशी दीमा पदक पर्समध्ये लपवायला लागली. हनीननंही काढलं. उम्म कुतैबानं नाही काढलं. "मी काय चोरलंय?" म्हणाली आणि तशीच उतरली.

रात्रभर तिचीच काळजी. फोन करावा की नको?

२१ मे

आली! तिनं सांगितलं तसंच लिहिते.

गळ्यात पदक घालूनच जेवायला वाढलं. नवरा, अबू कुतैबा, म्हणाला, "हे काय?" हिनं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस खोटं?" ही म्हणाली, "पाटी खोटी होती. मी फक्त दुरुस्त नाही केली." मग हिला वाटलं, आता ताट भिरकावणार. तो उठला, अंगणातल्या खुर्च्या बाजूला केल्या आणि म्हणाला, "करून दाखव."

हिनं अख्खा काता केला. चहा निवला तरी तो बघतच होता. शेवटी म्हणाला, "डावा पाय उशिरा पडतो तुझा."

फौजेतला माणूस! आणि नंतर बोलतच बसला म्हणे — कवायत, पावलं, परदेशातली छावणी. तीस वर्षांचं साठलेलं.

"डावा पाय खरंच उशिरा पडतो का गं?" तिनं विचारलं. पडतो. मी कधी बोलले नव्हते.

२६ मे

दीमानं पदक दुकानात टांगलंय, खोकल्याच्या औषधांच्या वर! हनीननं सासूला फोटो पाठवला. सासूचं उत्तर — "मला पण यायचंय." नव्या बायकांची रीघ लागलीय. घरमालक आता मला "कोच" म्हणतो.

आता लपवायचं काय उरलं? सोमवारी रंगाऱ्याला बोलावलंय. मार्शल! ठळक अक्षरांत! युद्ध म्हणजे युद्ध!

सोमवार

अबू कुतैबा पायऱ्या उतरून आला. मला वाटलं, भांडायला. मागे एक बाई, ओढणी सुजलेल्या गालावरून घट्ट ओढलेली. त्याची धाकटी बहीण, वसन.

"हिला शिकव," हळूच म्हणाला. "नवरा हिचा शाळेत इंग्रजी शिकवतो. याच रस्त्यानं जातो."

रंगारी वर शिडी लावत होता. त्याला परत पाठवलं.

वसन मूठ वळताना अंगठा आत दाबत होती. अशानं मारणाऱ्याचंच बोट मोडतं. मी तो बाहेर काढून दिला.