राखेचा हात

माय, आज तुला सांगण्यासारखं काहीतरी माझ्या हाती लागलंय. पण आधी तुमसरच्या बाजारातली ती सकाळ. मी तुझ्या विक्रीच्या माशांच्या टोपलीतली जिवंत मागूर धरायला जाते आणि ती बुळबुळीत बया सटकन निसटून शेजारच्या भाजीवालीच्या वांग्यांवर जाऊन पडते. भाजीवाली तोंडाचा पट्टा सुरू करते, तू मात्र पोट धरून हसतेस. "अशी नाई धरत वो बाई. राख लाव हाताले, मंग धर." चुलीची राख तू रोज डब्यात घालून आणायचीस. राखेच्या हातात मासा गुमान राहायचा.

पुढे तुझ्या छातीत गाठ निघाली आणि ती फुफ्फुसातही पोचली. नागपूरच्या दवाखान्यातून एसटीनं परतताना तू विचारलंस, "गाठ छातीत होती न? मंग एका जागी काहून नाई राह्यली?" मी तेव्हा कॉलेजात होते. तुझा हात धरून बसले. त्यातच कुणीतरी सांगितलं की हा आजार साखरेवर वाढतो, आणि चहा गोडमिट्ट पिणारी तू साखरेचा डबाच उचलून ठेवलास. पहिल्या घोटाला तुझा चेहरा बघवेना, म्हणून मीही फिकाच प्यायले. "तुले काय झालं वो?" म्हणून रागावलीस, पण मनातून खूश झालीस, मला कळत होतं.

त्या प्रश्नाच्या मागे लागूनच मी प्रयोगशाळेत आले. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात आणि प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या. ही चहातली साखर नव्हे, माय. तू चहा गोड पी नाहीतर फिका, या साखळ्या पेशी स्वतःच घडवते. कर्करोगात त्या बदलतात, काही प्रथिनांवर त्यांचा जाड थर चढतो, मग पेशी शेजारणीला धरून राहत नाही, निसटते. मागुरीच्या अंगावरचा बुळबुळीतपणाही प्रथिनांवरच्या साखरेचाच, हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसले, मग रडले. आज मी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच्या काही साखळ्या एन्झाइमनं छाटल्या आणि त्या पेशी वाढवलेली प्रयोगशाळेतली बशी धुतली. एरवी पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या पुष्कळ पेशी जागेवरच चिकटून होत्या. हे औषध नव्हे, एका बशीतली गोष्ट आहे, तुझ्या प्रश्नाचं फार तर अर्धं उत्तर. पण मला तुझा राखेचा हात आठवला आणि तू फार हवी होतीस.

ही पानं पाठवायची कुठे, माझ्या कपाटातच राहतील. गावी गेले की वहिनी अजून माझा चहा वेगळा, बिनसाखरेचा करते. परवा तिनं विचारलं, "बाई, तुमाले साखर मना हाय का वो?" साखरेचा दोष नव्हता, हे तिला नीट समजावता आलं असतं. मी नुसतं हो म्हटलं. मला कसलीच मनाई नाही, माय. तुझ्यामागे गोड चहा एकटीनं प्यायला मन होत नाही.