अम्मीच्या पाठीवरच्या चिरा

सांगली
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

अर्फाआपा,

सलाम. तू, दुलाभाई, अल्फिया सगळे शिरवळला खुशाल असाल. अल्फियाचा पुढचा दात पडला का? पडला असेल तर फोटो पाठव, अम्मी सारखी विचारते. इकडे आम्ही ठीक. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो. माझं अक्षर बघून हसू नको. शाळा सुटल्यापासून पेन हातात आलं ते फॉर्म भरायलाच, आणि गेल्या महिन्यात तेवढे फॉर्म मात्र लय भरले.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोन लावला की अम्मी खाटेवरून कान देऊन ऐकते. दवाखान्यामागची ही खोली केवढी, तर मी पाय पसरले की दार उघडत नाही. खिडकी आहे, पण तिच्यासमोर हळदीच्या गोदामाची भिंत. नवी हळद यायला लागलीय. दिवसभर पोती आपटतात आणि पिवळी धूळ आत येते. माझा टॉवेल पिवळा, उशी पिवळी. एकाच जागी इतके दिवस मी कधी काढलेत, आठवतंय का तुला? बोअरच्या गाडीवर होतो तेव्हा दर तिसऱ्या दिवशी गाव बदलायचं. अनंतपूरजवळ एकदा सहाशे फूट खाली गेलो तरी नुसता धुरळा, आणि मालक म्हणतो... जाऊ दे, ते परत कधीतरी.

मुद्द्याचं सांगतो. आज अम्मीचं दुसरं इंजेक्शन होतं. ते दिलं नाही.

घाबरू नको, पुढं वाच. नर्सबाई अम्मीला खाटेवर घेत होत्या तेव्हा झंपरला मागून रक्ताचा डाग दिसला. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. शिवांजली डॉक्टर, मागे सांगितलं बघ, आपल्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पाठ बघितली आणि एकेक चीर मोजली. चांदसाहेबमामूंनी जानेवारीत अम्मीला तुंबड्या लावल्या होत्या. पाठ जड झालीय म्हणत होती, आणि हे काम मामूंच्या घरात तीन पिढ्यांचं, कडेगावात अजून लोक येतात. नऊ ठिकाणी चिरा दिल्या, खराब रक्त ओढलं. त्यातल्या सहा भरल्या. तीन पंचवीस दिवस झाले तरी उघड्याच. पू नाही, सूज नाही, नुसत्या उघड्या, आदल्या दिवशी दिल्यासारख्या.

डॉक्टर म्हणाल्या, "हे कधी केलं?"

"पयल्या इंजेक्शनच्या चार दिवस आधी," मी म्हटलं.

"तेव्हा मी स्वतः विचारलं होतं. दात काढलाय का, ऑपरेशन झालंय का, अंगावर कुठं चीर, जखम आहे का. तुम्ही नाही म्हणालात. का?"

मी म्हटलं, अम्मीनं सांगू नको म्हटलं होतं.

मग डॉक्टर अम्मीला बोलल्या. ओरडल्या नाहीत, पण बोलल्या. अम्मी खाली बघून म्हणाली, "व्हय बाई, मीच म्हटलं नगं सांगू. गलती झाली."

मला काही केल्या कळेना की बोटभर चिरांचा आणि पोटातल्या गाठीचा संबंध काय. बाहेर बाकावर डोकं धरून बसलो होतो, तर डॉक्टर स्वतःच आल्या आणि माझ्या हातातल्या अम्मीच्या फाईलच्या पाठीमागे चित्र काढून सांगायला लागल्या. मला समजलं तसं तुला लिहितो.

आपल्या अंगात रक्ताच्या नळ्या असतात. नळीला आतून एक अस्तर असतं, पेशींचं. चांगल्या जागेतल्या नळीत त्या पेशी एकीला एक चिकटून बसलेल्या असतात, घट्ट, वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. रक्तातलं काय बाहेर सोडायचं आणि काय नाही, ते त्या बघतात. गाठीतल्या नळ्यांचं तसं नाही. तिथल्या पेशी एकमेकींवर चढलेल्या, मध्येच फटी, एखादी आत लोंबतेय. नळीही सरळ जात नाही, वेडीवाकडी फिरते, कुठं फुगते, कुठं पुढं रस्ताच नाही. फटींतून पाणी झिरपून गाठीत दलदल होते, आणि सलाईनमधलं औषध तिथं पोचायला बघतं तेव्हा ती दलदलच त्याला मागं रेटते.

हे मला पटकन पटलं. मी वांगीच्या शिवारात उसाला ठिबकच्या नळ्या अंथरल्यात. नळी मध्येच फुटली की तिथं चिखल, आणि शेवटचा ऊस वाळतो.

मी विचारलं, "म्हंजे त्या पेशी पण कॅन्सरच्याच?"

डॉक्टर म्हणाल्या, "नाही. त्या काकूंच्याच आहेत. शेजारच्या चांगल्या नळीतल्याच जास्त करून. गाठ निरोप धाडते, मला रक्त पाहिजे. तो निरोप मिळाला की शांत बसलेल्या पेशी जागच्या उठतात, वाढतात, तिकडं निघतात. तिथं गेल्यावर त्यांचं वागणंच बदलतं."

हे इंजेक्शन म्हणजे तो निरोप मध्येच अडवणारं. निरोप नाही तर नवी नळी नाही, आणि आधीच्या वेड्यावाकड्याही जरा वळणावर येतात. पण आपा, जखम भरतानाही अंग तोच निरोप धाडतं. तिथंही नव्या नळ्या लागतात. फरक एवढाच की जखम भरली की त्या पेशी पुन्हा शांत बसतात, गाठीत त्यांना कुणी थांब म्हणत नाही. इंजेक्शनला मात्र हा निरोप जखमेचा की गाठीचा ते कळत नाही. ते दोन्ही अडवतं. म्हणून चिरा तशाच.

आता चिरा भरेपर्यंत ते इंजेक्शन बंद. सलाईनमधून देतात ते दुसरं औषध चालू राहील. पण गाठ काही थांबून राहणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं.

मामूंना फोन केला तर ते रडायला लागले. "आरं, चाळीस वर्षांत माजी चीर चौथ्या दिवशी भरली न्हाई असं झालं न्हाई," म्हणाले. त्यांना कसं समजवायचं?

अम्मीला यावरून काही बोलू नको. बोललीस तरी हळू.

तुझा भाऊ
अश्फाक


सांगली
शनिवार, २२ फेब्रुवारी

आपा,

सलाम. परवा तू फोनवर अम्मीला झापलंस. मी समोर होतो. "तुमी सगळ्यांनी मिळून तिकडं काय खेळ मांडलाय, डाक्टरपासनं लपवून ठिवायचं म्हंजे?" एवढं मलाही ऐकू आलं. अम्मी नुसती हं हं करत होती. नंतर फोन उशाला ठेवून म्हणाली, "बरोबर हाय तिचं." आणि भाकरी अर्धीच खाल्ली.

आपा, अम्मीनं मला काही सांगू नको म्हटलं नव्हतं.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अम्मी तिथं नव्हतीच. ती बाहेर वजन करायला गेली होती. टेबलापाशी मी एकटा. जखम आहे का म्हटल्यावर मला चिरा आठवल्या. तुंबड्यांना मीच नेलं होतं, मोटारसायकलवरून, विसरेन कसा. पण त्याआधी डॉक्टर शेजारच्या बाईला सांगत होत्या, तुमची दाढ काढलीय, आता चार आठवडे थांबावं लागेल. ते मी ऐकलं होतं. चार आठवडे, म्हणजे ही खोली अजून एक महिना.

त्या दिवशी संध्याकाळी धुळाची गाडी हळद भरून कोचीला निघणार होती. धुळा तुला ठाऊक नसेल, मिरजेचा ड्रायव्हर आहे, मी त्याच्याबरोबर हुबळीपर्यंत जाऊन आलोय. तो म्हणाला होता, "येतोस का गड्या, समुद्र दावतो." मी हिशोब केला. आज इंजेक्शन झालं तर पुढचे तीन आठवडे काही नाही, मामूंना बोलावून घेऊ, आपण दहा दिवसांत परत. म्हणून मी नाही म्हणालो. एवढंच. लपवायला सांगितलं नव्हतं कुणी, भीतीही नव्हती. मला फक्त जायचं होतं.

गेलोही नाही. इंजेक्शननंतर अम्मीला थंडी वाजून आली, मी रग आणायला धावलो, आणि धुळानं दोनदा फोन करून गाडी काढली.

आज सकाळी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अश्फाक, मंगळवारी मी काकूंना काय काय बोलले." त्या उठून मागच्या खोलीत अम्मीच्या खाटेशी गेल्या. काय बोलल्या ते ऐकायला मी थांबलो नाही.

चिरांची पट्टी दोन वेळा मीच बदलतो. अम्मी भिंतीकडं तोंड करून बसते आणि मी मागं. मंगळवारपासून आम्ही त्यावर एक शब्द काढला नव्हता. आज दुपारी कापूस काढता काढता मी विचारलं, "अम्मी, त्या दिवशी तू व्हय का म्हणालीस? तुला तर काय म्हाईतच नव्हतं."

तिनं पदर पुढं ओढून घेतला. मग भिंतीकडं बघूनच म्हणाली, "चार मान्सांत ती तुला बोलली असती तर तू तितनंच उठून गेला असतास. परत आला नसतास. मला ठावं हाय न्हवं."

मी पट्टी लावली. दोनदा लावली, पहिली वाकडी गेली.

तू अम्मीला फोन कर आणि माफी माग, आजच. मला ज्या शिव्या द्यायच्यात त्या इकडं येऊन दे. मी ऐकून घेईन आणि ऐकल्यावर कुठं जाणार नाही. हे अम्मीला सांगून पाहिलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या चपला खाटेखाली सरकवून ठेवल्या.

जिच्यावर आळ घातला तिच्याच खाटेशेजारून,
अश्फाक