इन्याकीच्या नावाचं कुलूप

रविवार, ५ मार्च

निर्णय पक्का. कॉम्प्युटरवरचं विंडोज काढायचं, लिनक्स घालायचं. आपल्या वापराची माहिती कंपनीला जाते, हे तेच लिहून देतात आणि लोक न वाचता 'मान्य' दाबतात. मी नोटरीच्या कचेरीत उभा जन्म काढला, असल्या कागदावर सही करणार नाही. मॅकचाही विचार केला, पण ते म्हणजे एका घरमालकाकडून उठून दुसऱ्याकडे राहायला जाणं.

दुपारी कांदेलारियाचा समुद्रापलीकडच्या विगोहून कॉल. लेक तिकडे स्थायिक झाल्यापासून आठवड्यातून एवढा एकच. म्हणाली, कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काढ, इन्याकीला आजोबा दिसू देत. नातू दीड वर्षाचा झाला. म्हटलं, लिनक्स आलं की काढतो. तोवर आवाज पुरे.

शनिवार, ११ मार्च

घातलं. एकट्याने. अख्खी डिस्क कुलूपबंद. पासवर्ड दिल्याशिवाय कॉम्प्युटर उघडतच नाही. पासवर्ड म्हणजे इन्याकीचं नाव. त्यात आमचा स्पॅनिश न आहे, डोक्यावर नागमोडी टोपीवाला. परदेशी चोराला तो जन्मात सुचायचा नाही.

बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. आमचा कडू पाल्याचा माते चहा करून प्यायलो.

रविवार, १२ मार्च

काळा पडदा. पासवर्ड चुकीचा. परत चुकीचा. सख्ख्या नातवाचं नाव मी चुकेन?

कॉल हुकला.

शनिवार, १८ मार्च

ग्रंथालयात लिनक्सवाली मुलं बसतात. त्यातली फियोरेला म्हणाली, काका, पासवर्ड सांगा. मी नकार दिला. मग म्हणाली, निदान त्यात टोपीवाला न आहे का, तेवढं तरी सांगा. चोरसुद्धा असंच थोडं थोडं विचारत आत शिरतात. कॉम्प्युटर काखोटीला मारून घरी आलो.

रविवार, २६ मार्च

बायको, नेलिदा, गेल्यापासून रविवार लांबतात. हा जास्तच लांबला.

खालच्या मजल्यावरचा रुपेर्तो वर आला. काळजीने कांदेलारियाने त्याच्याकडे कॉल केला होता, चल म्हणाला. त्याचं विंडोज चोरीचं, अपडेट बंद, पासवर्ड नाही. घराचं दारही लोटलेलंच असतं. असल्या मशीनसमोर मी तोंड दाखवत नसतो. ठणठणीत आहे, असा निरोप दिला.

व्हॉट्सअ‍ॅपवाला फोन गेल्या वर्षीच टाकून दिलाय. तो निर्णय बरोबरच होता.

शनिवार, १५ एप्रिल

शेवटी पासवर्ड फियोरेलाच्या कानात सांगितला. ती हसली नाही, हेच जास्त लागलं. त्या काळ्या पडद्यापाशी कीबोर्ड इंग्रजी असतो म्हणे. टोपीवाल्या नचं बटण दाबलं की तिथे अर्धविराम उमटतो. नवीन माणूस इथे हमखास अडकतो. तिने बाहेरून पेनड्राइव्ह लावून कुलूप उघडलं, कीबोर्ड स्पॅनिश केला.

म्हणजे सुरक्षा चोख होती. मी चुकलो नव्हतो. चिकटपट्टी काढली, उद्या कॉल.

रविवार, १६ एप्रिल

दाढी केली, नवा शर्ट घातला. बाराला बसलो. दोन वाजले तरी कॉल नाही. जिना उतरलो.

दार लोटलेलं होतं. रुपेर्तोच्या पडद्यावर कांदेलारिया, मांडीवर इन्याकी. तो रुपेर्तोला 'नोनो' म्हणत होता. आमच्याकडे आजोबाला म्हणतात तसं. रुपेर्तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. पोराने मला पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

मी म्हटलं, महिनाभरात विसरला गं मला.

"विसरला नाही, बाबा," कांदेलारिया म्हणाली. "त्याने तुला पाहिलंच कधी होतं?"

रुपेर्तोने राविओली वाढू का विचारलं. मी वाढ म्हणालो.