इंद्रकलेचा परवाना

काठमांडू, मंसिर १४

ती. इंद्रकला दिदीस, धाकट्या हर्कराजचा शि. सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, म्हणून आधी तीच लिहितो. कोरियन भाषेची परीक्षा पास झाल्याचं तुला कळवलं होतंच. पण आरोग्य तपासणीत डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं एक पान पुढे धरलं आणि यात कोणता आकडा दिसतो म्हणून विचारलं. मला नुसते ठिपके दिसले. पुढची पानंही तशीच. मला म्हणे लाल-हिरवा कळत नाही, आणि कोरियाच्या कामाला असा माणूस चालत नाही. मिरच्या तोडायला पाठवलं की हा कच्च्या-पिकल्या सगळ्या घेऊन येतो, आळशी मेला, असं तू म्हणायचीस. आळशी नव्हतो गं.

खोलीत बसवत नाही. दिवसभर नुसता चालतो. गौशाळेजवळ एक दलाल भेटलाय. तो दुबईचा पाहुण्याचा व्हिसा काढून देतो. कामाचा तिथे पोचल्यावर करून घ्यायचा. तिथे रंग कोणी विचारत नाही, म्हणाला. पासपोर्ट त्याच्याकडे दिलाय. बांना सांगू नकोस.

तुझा,
हर्क


दिंगला, मंसिर २६

चि. हर्कराजला अनेक आशीर्वाद.

बांचा खोकला उतरला. डुकरी व्यायली, पिल्लं छान आहेत. मिरच्यांचं वाचून हसले, मग रडू आलं.

पण पासपोर्ट परत आण. शेजारच्या शेरमायाचा थोरला मुलगा असाच पाहुणा होऊन गेला होता. राबवून घेतलं, आणि पगार मागितल्यावर मालक म्हणाला, तू तर पाहुणा, तुला कसला पगार? तो तक्रार कुठे करणार? कामाचा परवाना म्हणजे काय रे, आपल्याला कुणी मारलं, बुडवलं, तर विचारपूस करायला कुणीतरी बांधील असतं, एवढंच. तेवढंही त्याला नव्हतं.

आता दुसरं. दसऱ्याला तू टाकून गेलेली कोरियन पुस्तकं मी पाठ केलीत. डुकरीला रोज कोरियनमधून शिव्या घालते. शेती आणि जनावरांच्या कामाला बायकाही घेतात. माझं वय अजून बसतं. अर्ज भरलाय. रागावू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
इंद्रकला


काठमांडू, पूस ९

दिदीस नमस्कार.

आधी चेष्टा वाटली. मी तपासणीत नापास झालो म्हणून आता घरातली बाई परदेशी जाणार? बांना कोण बघणार? लोक म्हणतील, भाऊ चुलीपाशी आणि बहीण कोरियात. येत्या सोमवारी मी उडतोय. उत्तर पाठवू नकोस, मी इथे नसेन.

हर्क


दिंगला, पूस २०

चि. हर्कला आशीर्वाद, तो असेल तिथे.

तू गेलास की आहेस, कळत नाही. घरमालकीणबाई हे पत्र जपून ठेवतील अशी आशा आहे.

बांना सगळं सांगितलं. मला म्हणाले, डुकरंच राखायची तर इथली काय वाईट आहेत? मी म्हटलं, इथली पगार देत नाहीत. तेव्हापासून अबोला धरलाय.

लोकांचं लिहिलंस. आई गेली आणि तुला पाठीशी बांधून मी शेतात राबत होते, तेव्हा हे लोक कुठे होते? मला घर टाकून पळायचं नाही रे. पण मलाही बसवत नाही. एकट्या तुलाच बसवत नाही असं तुला का वाटलं?

असशील तिथून एक ओळ लिही.
दिदी


काठमांडू, पूस २९

ती. दिदीस शि. सा. न. वि. वि.

मी इथेच आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, कुणाकडे पाहुणा चाललास? दलालाने एका मामाचं नाव पढवलं होतं. माझ्या पुढच्याने तोच मामा सांगितला, त्याच्याही पुढच्याने तोच. माझी पाळी आली आणि मनात आलं, उद्या मला काही झालं तर हे लोक मला त्या मामाकडे शोधायला जातील. म्हणालो, कुणाकडेच नाही. मला बाजूला काढलं, परत पाठवलं. पासपोर्ट तेवढा हातात राहिला. दलाल आता फोन उचलत नाही.

परीक्षेला कधी येतेस? खोली आहे. ऐकण्याचे प्रश्न तुझे कच्चे असणार, कारण डुकरी कोरियनमधून उत्तर देत नाही. मी तयारी करून घेईन.

तुझाच,
हर्क


दिंगला, पुढल्या वर्षीचा फागुन ३

ती. दिदीस, कोरियामुक्कामी, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मालकाने तुझा पासपोर्ट ठेवायला मागितला आणि तू करारावर बोट ठेवून नाही म्हणालीस, हे बांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

माझं म्हणशील तर पाय अजून थांबत नाहीत. मलेशियात रखवालदार हवेत, परवान्यासकट. अर्ज केलाय. पण तू परतल्याशिवाय बांना सोडून जाणार नाही, नाव यादीत नुसतं असू दे म्हणून केलाय.

निघताना बा तुझ्याशी बोलले नाहीत, ते तुझ्या मनातून जात नाही असं लिहिलंस. म्हणून कालचं सांगतो. हाटात गावच्या म्हाताऱ्या सुब्बाबाजेंनी सगळ्यांसमोर त्यांना टोचलं, की घरात धडधाकट मुलगा असताना पोरीला कशी काय धाडलीत? बांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, धाडली नाही. गेली ती.

मग मला म्हणाले, चल, कांदे घ्यायचेत.

लोभ आहेच, तिकडच्या थंडीत तो गारठू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
हर्क