सोपं गाणं

१२ जानेवारी १९९७, रविवार

आला! नितीनचा फोन आला! बूथवर बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. बूथवाल्या मालनबाई दोनदा म्हणाल्या, "आज काय लागत न्हाई बघ, जा घरी." मी कसली जातेय. आणि वाजला.

जपानहून बोलतोय असं वाटतच नाही, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा आवाज. म्हणाला, यंदा कंपनी आम्हा कॉइल गुंडाळणाऱ्या, वाइंडिंगच्या मुलींतून एकीला तिकडं कामाला पाठवणार हे खरं आहे. मार्चमध्ये कंपनीचे जपानी साहेब, हिरानो साहेब, गेस्ट हाउसवर पार्टी देतील, तेव्हा गा. "मला त्या गाण्याच्या मशीनवर एक्क्याण्णव पडले म्हणून तर माझं नाव लागलं! माझी कॅसेट आहे ना तुझ्याकडं? त्यातलं सोपं बघ. सोपं गाणं निवडलं की मार्क पडतातच, माधुरी."

घरी आपलं सांगितलंस का, एवढंच विचारायचं राहिलं. लाइन कटली.

१३ जानेवारी

आज सगळी कॅसेट ऐकली. चार गाणी, चारही जपानी. जाताना नितीनने शब्द देवनागरीत उतरवून दिले होते, त्याच्या त्या किड्यामुंग्यांसारख्या अक्षरात.

पहिलं इतकं पळतं की जीभ चावली. दुसरं मधेच वर चढतं, तिथं माझा आवाज फाटतो. तिसरं गोड आहे, मला तेच आवडलं, पण कुठं थांबायचं नि कुठं सुरू करायचं काही कळत नाही. चौथं मात्र एकदम शहाण्या बाळासारखं! संथ, खालच्या पट्टीतलं, एकच ओळ परत परत येते. तेच घेतलं. अर्थ काय ते देव जाणे. आमच्यात देव नाही म्हणा, मग हिरानो साहेब जाणे.

दीपानेही म्हणे गाणं निवडलंय. मिरजगावची दीपा, माझ्याच टेबलावर बसते. आमच्या दोघींतूनच एक जाणार असं सगळे म्हणतात.

१४ जानेवारी

संक्रांत. नितीन आज राहात्याला घरी फोन करून सांगणार होता. आधी दिवाळीला सांगणार होता. त्याच्या आधी बैलपोळ्याला.

त्यांची पेरूची बाग, भावकी मोठी, गावात मान. आम्ही जयभीमवाले. मला काय कळत नाही का? तो म्हणतो, "आई ऐकेल गं, जरा दम धर." दम धरून धरून माझा दमा व्हायची वेळ आली. तरी त्याचा आवाज ऐकला की मी विरघळते. मूर्ख!

२६ जानेवारी

फोन नाही.

झेंडावंदन झाल्यावर घरी दार लावून रियाज केला. आप्पा बाहेर ऐकत होते, मला माहीतच नाही. खर्ड्याला असताना आप्पांची 'रंभाजी आणि पार्टी' म्हणजे काय होतं हे अजून लोक सांगतात. भीमजयंतीला आप्पांनी वरचा सूर लावला की म्हणे मागची माणसं उभी राहायची. आता घसा बसलाय, बोलतानाही खरखरतो. दार ढकलून आत आले.

"ह्ये गानं हाय का हजेरी? एकेक नाव पुकारल्यावानी."

"आप्पा, मशीनला असंच लागतं."

"मंग मशीनलाच गाऊ दे की!"

मी हसले, पण आप्पांपुढं पुन्हा गायला तोंड उघडेना. आप्पा म्हणाले, "परक्यापुढं कुनीबी गातं, पोरी. घरच्यांपुढं गानं लई अवघड." आणि चहा मागितला.

८ फेब्रुवारी

श्रीमंतकडं गेस्ट हाउसची किल्ली असते. श्रीमंत म्हणजे नितीनचा चुलतभाऊ, स्टोअरला आहे. माझं नि नितीनचं त्याला ठाऊक नाही. दुपारच्या सुट्टीत त्याने आम्हा मुलींना मशीन लावून दिलं. टीव्हीवर जपानी अक्षरं, मागं बाजा, हातात माइक, आणि शेवटी ढॅण् करून शंभरपैकी मार्क.

दीपाला चौऱ्याहत्तर. मला अठ्ठावन्न!

मी दीपापेक्षा चांगली गायले हो. कुणालाही विचारा! दर ओळीच्या शेवटी छान हरकत घेतली, आप्पा घ्यायचे तशी. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, नि मशीनने अठ्ठावन्न दिले. श्रीमंत म्हणाला, "तू लई कलाकारी करती. नितीन गायचा ना, सरळ, एकदम सपाट. त्यो डोकं लावतो. जिथं चढ हाय तिकडं जायाचंच न्हाई."

त्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. म्हणून राग आला नाही.

२३ फेब्रुवारी

पाच-सहा रविवार झाले, फोन नाही. मालनबाई आता मला बघून आपणहून स्टूल सरकवतात. ते जास्त लागतं.

हरकत काही जात नाही. ओळ संपत आली की गळा आपोआप वळतो. रक्तातच आहे, काय करू? काढून टाकू?

२ मार्च

सापडलं!

सकाळी आईबरोबर विहारात गेले होते. सगळे वंदना म्हणत होते, त्रिसरण, पंचशील, आणि मी म्हणता म्हणता गप्पच झाले. आईने कोपराने ढोसलं. अगं, इथं कोण हरकत घेतं? कुणीच नाही! पालीतला शब्दन्‌शब्द कुणाला कळतो असंही नाही. तरी म्हाताऱ्या दगडाबाईंपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे एका सुरात, सरळ, थांबायचं तिथं थांबतात. आप्पासुद्धा! एवढे गाणारे आप्पा, पण वंदनेत कधी एक सूर वाकडा घेतला नाही.

घरी येऊन जपानी गाणं तसंच म्हटलं. हात जोडून, डोळे मिटून. गळा वळला नाही.

आप्पा या वेळी हजेरी म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता बरं वाटतंय. काय मागती तू ह्या गान्यात?"

काय सांगू? म्हटलं, "अर्थ माहीत नाही आप्पा."

मी काय मागते ते मला चांगलं माहीत आहे. जपानात, त्याच्या गावात, त्याच्या कंपनीत, एका रस्त्याने रोज कामावर जायचं. तिथं भावकी नाही. तिथं कुणी आडनाव विचारत नाही. तिथंच लग्न करू, मग घरी सांगू. हे मी अजून त्यालाही बोलले नाही.

१५ मार्च

चौऱ्याण्णव! चौऱ्याण्णव! चौऱ्याण्णव!

हात जोडावेसे वाटत होते पण हातात माइक. डोळे मिटले, तर श्रीमंत ओरडला, "अगं अक्षरं बघ की टीव्हीवर!" मला काय ती वाचता येतात? दीपाला अठ्ठ्याऐंशी पडले. तिने मला मिठी मारली नि बाथरूममध्ये जाऊन रडली. मला वाईट वाटलं. पण थोडंच, खोटं कशाला लिहू.

हिरानो साहेब कमरेतून वाकले आणि दुभाष्याकडून विचारलं, इतकं सरळ गायला कुठं शिकलीस? मी म्हटलं, विहारात, बुद्धवंदनेत. दुभाष्याने सांगितलं तसे साहेब आणखी वाकले. बक्षीस दिलं. भात शिजवायचं विजेचं भांडं!

१६ मार्च

बूथवर सकाळपासून. चौऱ्याण्णव सांगायचे होते. मालनबाईंनाच सांगितले.

आईने भांडं फळीवर ठेवलंय. म्हणते, चुलीला काय झालंय?

३१ मार्च

यादी लागली. माधुरी रंभाजी... माझं नाव! वाइंडिंगमधून एकच, आणि ते माझं! मे महिन्यात निघायचं.

आणि गंमत ऐक. सुपरवायझर म्हणाले यादी फेब्रुवारीतच झाली होती, वाइंडिंगच्या परीक्षेवर. माझी एकही कॉइल परत आली नव्हती म्हणे. गाण्याचा काय संबंध? गाणं भांड्यासाठी होतं! सगळी कंपनी खुळी, सगळ्यात खुळा नितीन, त्याच्याहून खुळी मी. हसून हसून पोट दुखलं. आप्पांना सांगितलं तर ते रडायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं.

नितीन, येतेय मी!

१ एप्रिल

सकाळी श्रीमंत पेढ्यांचा बॉक्स घेऊन लाइनवर आला. पहिला मलाच दिला. मला वाटलं यादीचा.

"नितीनचं जमलं. आमच्या राहात्याचीच हाय पोरगी, नात्यातली. मे मधी पंधरा दिस सुट्टीवर येतोय, तवाच बार उडवायचा. चुलतीनं फोनवर इचारलं, त्यो लगीच हो म्हनला बघ."

पेढा तोंडात होता. गिळला.

सोपं गाणं निवडलंस, नितीन. मार्क चांगले पडतील.