शांत आवाजाचा राजा

शर्वरी,

मी खाणीजवळच्या कंपनीच्या खोलीत राहायला चाललोय. गाडीची किल्ली आईकडे दिली आहे, आता गाडी तिचीच. फ्रीजमध्ये दोन दिवसांची भाजी आहे.

काल मी शिफ्टवरून लवकर आलो, तेव्हा तुम्ही चौघं मित्रमैत्रिणी टेबलाभोवती फासे टाकत तुमचा तो गोष्टीचा गेम खेळत होतात. तू खलनायक झाली होतीस, राणीला कोंडून ठेवणारा राजा. मी किचनमध्ये उभा राहून ऐकत होतो. तुझा राजा ओरडत नव्हता. समोरचं ताट हळूच बाजूला सारून तो राणीला म्हणाला, "मी चिडलोय का? मी फक्त विचारतोय, कुठे गेली होतीस?"

ते माझं वाक्य आहे, जसंच्या तसं.

तुझा ऑस्ट्रेलियन मित्र म्हणाला, "मेट, असला भयंकर व्हिलन तुला सुचला कसा?" तू हसलीस. मग तुला मी दिसलो आणि तू राजाचे संवाद लिहिलेली वही मिटून पोटाशी घट्ट धरलीस. मी ती फाडेन असं तुला वाटलं. सतरा वर्षांची मुलगी बापाला बघून वही लपवते, हे मला रात्रभर दिसत राहिलं.

माझ्यासाठी त्या राजाला शेवटी चांगला करू नकोस. तो आहे तसाच राहू दे.

सकाळी मी आईला विचारलं, "मी खरंच असा बोलतो का गं?" तिने आधी बाहेर पडायला मागचं दार उघडं आहे ना, ते पाहिलं.

म्हणून निघालो.

बाबा