दुधावर वाढलेली

मार्च ४, मंगळवार

हॅटीच्या बोटातून थेंबभर रक्त काढलं. दोन वर्षांच्या पोरांची नेहमीची तपासणी. लस टोचायची, वजन करायचं, संध्याकाळच्या धारांच्या आत घरी यायचं — एवढंच डोक्यात होतं. नर्सने यंत्राकडे पाहिलं आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. मग डॉ. लिंडग्रेन स्वतःच आत आल्या. हिमोग्लोबिन ८.१! "अकराच्या आसपास तरी हवं होतं." दंडातूनही रक्त घ्यायला लागलं. मी घट्ट धरून बसले. पण पोरगी रडलीसुद्धा नाही धड. नुसती माझ्या खांद्यावर मान टाकून पडून राहिली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

क्ले गोठ्यात होता. "यंत्रच बिघडलं असेल," एवढंच म्हणाला पोरीचा बाप. सासरेबुवांचं त्याहून पुढचं — "फिकट? अगं, आमच्या घराण्यात सगळेच गोरे!"

दमले. ग्लासभर बर्फ चावत हे लिहितेय.

मार्च ५

धारा, शेण, धारा. मध्ये फोन बघणं. काही आलं नाही.

मार्च ७, शुक्रवार

रिपोर्ट आला — दवाखाना बंद झाल्यावर, थेट फोनवर! आता सोमवारपर्यंत विचारायचं कोणाला?

नुसते लाल बाण. तांबड्या पेशींचा आकार — बाण खाली. लोहाचा साठा ३ — बाण खाली. इथवर समजलं, अंगात लोह नाही. पण प्लेटलेट्सचा बाण वर! रक्त कमी तर हे जास्त कसं? इंटरनेटवर शोधलं. शोधू नये ते शोधलं. तिसऱ्याच ओळीत रक्ताचा कॅन्सर.

क्लेला दाखवलं. "सोमवारी विचार," म्हणाला आणि दारातच उभा राहिला. बूट काढायचेही विसरला.

मला भीती वाटतेय. इतकी की हॅटीकडे नीट बघवत नाही. हे कोणाला सांगू?

मार्च ९, रविवार

चर्चमध्ये बायकांनी हॅटीला या कडेवरून त्या कडेवर फिरवलं. "काय गोरीपान गं! चिनीमातीची बाहुली जशी!" चीजच्या कारखान्याच्या कॅलेंडरवर यंदा जूनचं पान हॅटीचंच आहे — दुधाच्या मिशा लावून हसतेय. एकीने सही मागितली, मस्करीत. मी हसले. ओठ नुसते.

हॅटीला कडेवर घेऊन चर्चच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले. ती काय आता जड झालीय!

मार्च १०, सोमवार

कॅन्सर नाही. नाही! पुन्हा लिहिते — नाही.

डॉक्टरांनी एकेक बाण समजावला. लोह नाही म्हणून तांबड्या पेशी लहान आणि फिकट. लोह कमी झालं की प्लेटलेट्स पुष्कळदा अशा वाढतात, लोह मिळालं की आपोआप उतरतात. मग विचारलं, "दूध किती पिते?"

मी अभिमानाने सांगितलं. सहा बाटल्या. कधी सात. जेवत नाही फारसं, पण दुधाला कधी नाही म्हणत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर पोट भरतं, मग पोर दुसरं काही खात नाही. अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. एवढं गाईचं दूध झालं तर कधीकधी आतड्यातून थोडं रक्तसुद्धा जातं. दिवसाला दोन कप, बस. बाटली बंद. लोहाचे थेंब सुरू.

दूध! साठ गाई बांधल्यात दारात आणि आमच्या पोरीला दूध बाधलं! हसू का रडू, कळेना.

आणखी एक विचारलं — माती, कागद, बर्फ, असलं काही खाते का? माती खाते म्हटलं. गोठ्यातली पोरं खातातच की. तर म्हणाल्या, हेही लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. "आणि तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, दमलेय. गाईवाली बाई आणि दमलेली नाही, असं कुठे असतं का?

मार्च ११

सासरेबुवांना सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. "सत्तर वर्षं पितोय मी! मेलो का? त्या डॉक्टरणीने गाय पाहिलीय का कधी जवळून?" क्ले ताटात बघत जेवत राहिला. बापापुढे तोंड उघडायचं म्हणजे याच्या जिवावर येतं.

मार्च १३

बाटलीसाठी आकांत. थेंब संत्र्याच्या रसातून द्यायचे, ती फुर्रकन उडवते. तिच्या झग्यावर, माझ्या शर्टवर, भिंतीवर गंजाचे डाग. शी काळी. आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

मार्च १८, मंगळवार

आज भांडले. कडकडून.

दुधाच्या टाकीच्या खोलीत गेले तर सासरेबुवा बादलीवर बसलेले, मांडीवर हॅटी, तोंडात बाटली! आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. त्यांनीच सांगितलं, वर तोंड करून. "पोर रडते, मला बघवत नाही. तू मला दूध शिकवणार?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "बाबा, पांढऱ्या मांसाची वासरं तुम्हीच वाढवायचात ना? गवताची काडी लागू द्यायचा नाहीत! नुसतं दूध! कशाला? मांस फिकट राहावं म्हणून! मग हिच्यात आणि त्या वासरांत फरक काय?"

त्यांनी बाटली बाजूला ठेवली. मग हॅटीची हनुवटी वर केली आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, आजारी वासराची ओढून बघतात तशी. आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. बाटलीतलं दूध मोरीत ओतलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

फार बोलले का मी? बोलले. पण खोटं नाही बोलले.

मार्च २६

सासरेबुवांनी पोरीला ताब्यात घेतलंय. राजमा, खिमा, लिव्हरचं सॉसेज — "एक घास आजोबाचा, एक घास मांजराचा." जेवण झालं की रोज पापणी ओढून पाहणी. "आज जरा गुलाबी." खेळच झालाय तो. हॅटी आता दिसेल त्याची पापणी ओढते. कुत्रा बिचारा सहन करतो.

एप्रिल २

फ्रिजचं बर्फाचं यंत्र बंद पडलं. मी क्लेवर इतकी ओरडले की माझीच मला लाज वाटली. बिचारा पेट्रोल पंपावरून बर्फाची थैली घेऊन आला. "दारू परवडली गं," म्हणाला.

सकाळी धारा काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. गाईच्या पाठीला धरून उभी राहिले. काळजीने झालं असेल. आता काळजी सरली, की उतरेल.

एप्रिल ७, सोमवार

१०.३! महिन्याभरात एवढं चढलं! डॉ. लिंडग्रेननी टाळी दिली हॅटीला. मी गाडीत बसून रडले, मग दोघींनी चिकन खाल्लं.

रात्री जेवताना हॅटी माझ्या मांडीवर चढली आणि तिचा खेळ सुरू — माझी पापणी खाली ओढली. "गुलाबी?" म्हणाली. मी "हो गं, गुलाबी" म्हणून हसले.

समोर सासरेबुवा बसले होते. त्यांनी काटा खाली ठेवला. उठून माझ्या बाजूला आले. "पोरी, जरा दिव्याकडे बघ." लग्नाला सहा वर्षं झाली, कधी पोरी म्हणाले नव्हते. माझी पापणी खाली केली. अंगठा खरखरीत, पण हात हलका.

"क्ले," म्हणाले, "गाडी काढ."

एप्रिल ८

माझं ५.९.

रक्ताची पिशवी लावलीय, दुसरी लावणार आहेत. पाळीत फार जातंय, हॅटी झाली तेव्हापासूनच. मी कोणाला बोलले नव्हते. बर्फ किती दिवस खाताय, म्हणून इथल्या डॉक्टरने विचारलं. आठवेना.

धारा सासरेबुवा काढताहेत. मला झोप म्हणालेत.